जुनी गाडी ‘टोटल लॉस’ झाली? सही करण्याआधी हा हिशोब तपासा



आपल्या जिल्ह्यात बरेच जण धंदा सुरू करतात तो जुन्या गाडीवर. दुधाचे कॅन असोत, घोडेगावच्या बाजारातला कांदा असो, नाहीतर सुपे एमआयडीसीतला माल असो, पहिली गाडी म्हणजे सात-आठ वर्षं चाललेला छोटा हत्ती किंवा पिकअप. नगर-मनमाड रोडवर ती ठोकली गेली की काही दिवसांनी विमा कंपनीचा फोन येतो, “गाडी टोटल लॉस आहे, एवढे मिळतील, सही करा.” धंदा बंद, बँकेचा हप्ता चालू, म्हणून माणूस सही करून मोकळा होतो.

पण फोनवर सांगितलेला तो आकडा म्हणजे एक हिशोब असतो, आणि हिशोब तपासता येतो. कसा, ते बघू.

टोटल लॉस कधी म्हणतात?

पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘आयडीव्ही’ नावाची रक्कम असते. विम्यासाठी ठरलेली तुमच्या गाडीची किंमत ती हीच. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च मिळून आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरतात.

समजा, आयडीव्ही २,४०,००० आहे. त्याचे ७५ टक्के होतात १,८०,०००. सर्व्हेअरने खर्च १,९५,००० धरला, तर गाडी टोटल लॉस. लक्षात ठेवा, हा खर्च गॅरेजवाल्याच्या कोटेशनचा नसतो, पॉलिसीच्या अटी लावून सर्व्हेअरने धरलेला असतो. म्हणून सर्व्हे रिपोर्टची कॉपी लेखी मागा. ती तुम्हाला मिळायला हवी.

आयडीव्ही ठरतो रिन्यूअलच्या दिवशी

पहिल्या पाच वर्षांसाठी घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५० टक्के. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता नाही. तुम्ही आणि कंपनी दोघांनी मिळून किंमत ठरवायची.

जुन्या गाडीवाल्यांचा घोटाळा इथेच होतो. “प्रीमियम कमी करून देतो” म्हणत आयडीव्ही खाली आणला जातो. रिन्यूअलला थोडे पैसे वाचतात आणि क्लेमच्या वेळी हजारोंनी जातात. त्यामुळे रिन्यूअलच्या आधी त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची गाडी बाजारात कितीला जाते याची चौकशी करा आणि त्याच्या जवळपास आयडीव्ही लावून घ्या.

“बाजारभाव तेवढा नाही” असं म्हणाले तर?

कंपनी पॉलिसीत २,४०,००० लिहिते, त्यावर प्रीमियम घेते आणि क्लेम आला की म्हणते, “गाडी जुनी आहे, १,६०,००० घ्या.” यावर सुप्रीम कोर्टाचा २००८ सालचा निकाल आहे, धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स कंपनी. त्या प्रकरणात फेब्रुवारी २००२ मध्ये रिन्यूअल करताना कंपनीने गाडीची किंमत ३,५४,००० मान्य केली होती. सप्टेंबरमध्ये अपघात झाला आणि भरपाई मात्र त्यापेक्षा बरीच कमी लावली. कोर्टाने मधल्या महिन्यांचे फक्त १०,००० कमी करून ३,४४,००० द्यायला लावले. प्रीमियम घेताना मान्य केलेली किंमत कंपनीला नंतर नाकारता येत नाही, हा त्याचा अर्थ. तुमच्या मेलमध्ये या निकालाचं नाव जरूर लिहा.

सर्व्हेअरचा रिपोर्टही शेवटचा शब्द नसतो. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलंय. ठोस कारण असेल, तर त्या रिपोर्टला आव्हान देता येतं.

भंगार कोणाकडे ठेवायचं?

दोन मार्ग असतात.

१. गाडी कंपनीला द्यायची. मग आयडीव्हीमधून फक्त एक्सेस, म्हणजे पॉलिसीप्रमाणे आपण सोसायची रक्कम, वजा होते.

२. गाडी आपण ठेवायची. मग एक्सेस आणि भंगाराची किंमत दोन्ही वजा होतात.

समजा, कंपनीने भंगाराचे ६०,००० धरले. तुमच्या ओळखीचा भंगारवाला ४५,००० च देतोय, तर गाडी कंपनीलाच द्या. तो ८०,००० देत असेल, तर ठेवा. दोन-तीन भाव लेखी घेतल्याशिवाय “मीच ठेवतो” म्हणू नका.

गाडी कोणीही नेली, तरी आरसीचं काम पूर्ण करा. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एमएच १६ असेल तर नगरला, एमएच १७ असेल तर श्रीरामपूरला. आरसीवर तुमचंच नाव राहिलं आणि कोणी ती गाडी उभी करून रस्त्यावर आणली, तर उद्याच्या अपघाताची जबाबदारी तुमच्या दारात येऊ शकते.

गाडीवर बँकेचा बोजा असेल, तर क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात. म्हणून बाकी कर्जाचा दाखला आधीच काढून ठेवा.

काय, कधी करायचं?

१. अपघाताच्या दिवशीच कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर घ्या. सर्व बाजूंनी फोटो काढा. सर्व्हे होईपर्यंत गाडी खोलू देऊ नका.

२. तारखा लिहून ठेवा. आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा रिपोर्ट आणि रिपोर्टनंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय.

३. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा. “आपण एवढी रक्कम सांगितलीत, तिचा हिशोब लेखी द्यावा.”

४. रक्कम मान्य नसेल, तर ‘फुल अँड फायनल’वर तशीच सही करू नका. पैशांची निकड असेल, तर “हरकत राखून स्वीकारले” असं लिहून घ्या.

५. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. मग ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५. एक महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपला जिल्हा पुणे कार्यालयाकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, एकट्याच्या मालकीच्या छोट्या धंद्यालाही जाता येतं. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा, मुदत दोन वर्षं. तिथे ही गाडी म्हणजे तुमच्या पोटापाण्याचं साधन आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

क्लेम अडतो कशावर?

पासिंग संपलेलं, परमिट नाही, लायसन्स चुकीचं, किंवा खासगी गाडी भाड्याने फिरवलेली. लायसन्सबाबत एक दिलासा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं, की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. पिकअपचा क्लेम केवळ या कारणावर नाकारला, तर गप्प बसू नका.

आणि एक कडू गोष्ट. गाडी बंद असताना बुडालेला धंदा ही पॉलिसी भरून देत नाही. महिनाभर भाड्याची गाडी लावता येईल एवढी रक्कम बाजूला हवीच.

आजचा गृहपाठ: पॉलिसी काढा आणि आयडीव्ही, पासिंगची तारीख आणि रिन्यूअलची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आयडीव्ही बाजारभावापेक्षा फार खाली असेल, तर पुढच्या रिन्यूअलला एजंटशी आधी त्यावर बोला, प्रीमियमवर नंतर.