वीकएन्डला काय? आखाडा!

या रविवारी मॉलला फाटा दिला आणि वाळूजपलीकडच्या एका गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड गाठला. एसी नाही, तिकीट नाही. पण हलगी कडाडली की अंगावर काटा येणारच, बॉस!

सुरुवात पोरासोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी. मग इनाम शंभर, पाचशे, हजार असं चढत जातं, तसे पैलवानही तगडे होत जातात. पाच हजारांच्या जोडीतला एकजण माझ्या शेजारीच अंगाला माती चोळत होता. 'पंधरा दिवसांवर महाराष्ट्र केसरीची निवड चाचणी आहे,' तो म्हणाला. मग आज गुडघा दुखावला तर? 'दादा, दूध-बदामाचा खर्च यातूनच निघतो ना!'

महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी अशा दोन विभागांतले विजेते शेवटी गदेसाठी भिडतात. आणि ऑफिसात भाव खायला एक फंडा: १९६१ मधली पहिली स्पर्धा आपल्याच शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत झाली. जिंकले होते दिनकर दह्यारी.

आमच्या पठ्ठ्यानं ढाक डावावर समोरच्याला चितपट केलं. नोटा वस्तादांच्या हाती दिल्या, गुडघा चाचपून पाहिला आणि मगच हसला.