देवीचा व्रण आणि टी पेशींची स्मृती

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात साठी ओलांडलेल्या कुणाचाही हात जवळून पाहा. नाण्याएवढा, किंचित खोलगट, आत बारीक सुरकुत्या असलेला गोल व्रण बहुधा दिसेल. लहानपणी देवी काढल्याची ती खूण. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, म्हणजे त्या विषाणूशी या माणसांचा गेल्या पन्नास वर्षांत संबंधच आलेला नाही. तरी शरीर त्याला विसरलेलं नसतं. लस घेऊन २५ ते ७५ वर्षं झालेल्या लोकांचं रक्त अमेरिकेत ओरेगनच्या संशोधकांनी तपासलं. २००३ साली त्यांनी जाहीर केलं की, बहुतेकांत देवीविरुद्धची प्रतिपिंडं किंवा टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) शाबूत आहेत. टी पेशी निम्म्यावर यायलाच ८ ते १५ वर्षं लागत होती. स्मृती टिकायला जंतूची पुन्हा गाठ पडावी लागते, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर कुठलं?

ही स्मृती तयार कशी होते? टोचल्या जागी लसीतला जिवंत विषाणू वाढायचा, फोड यायचा, ताप भरायचा, काखेत अवधाण यायचं. खरी घडामोड त्या काखेतल्या गाठीत. कातडीतल्या पेशी विषाणूचे तुकडे तिथे आणून दाखवतात. तो तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात एखादी. पण ती भेटली की भराभर विभागते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत प्रचंड संख्या उभी राहते. विषाणू संपला की त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी मरतात. उरलेल्यांना इंटरल्युकिन-७ आणि इंटरल्युकिन-१५ ही प्रथिनं जगवतात.

या उरलेल्या पेशी कोण? एमरी विद्यापीठातल्या रमा अकोंडी, रफी अहमद आणि सहकाऱ्यांनी पीतज्वराची लस घेतलेल्या स्वयंसेवकांना जड पाणी प्यायला दिलं. त्यामुळे त्या दिवसांत जन्मलेल्या पेशींच्या डीएनएवर खूण राहिली. २०१७ साली आलेला निष्कर्ष मला फार विलक्षण वाटतो: स्मृतिपेशी लढून आलेल्याच असतात, वर्षातून एकदाही विभागत नाहीत, आणि वरून निवांत दिसल्या तरी लढताना लागलेली जनुकं त्यांनी उघडीच ठेवलेली असतात.

नेहमीच्या रक्तचाचणीत प्रतिपिंडं मोजतात, या पेशी नाहीत. म्हणून अहवालात प्रतिपिंडं दिसली नाहीत, एवढ्यावरून प्रतिकारशक्ती गेली असं समजू नये.

देवीची लस मंकीपॉक्सविरुद्धही उपयोगी पडते. १९८०च्या दशकात झाईरमध्ये (आजच्या काँगोत) केलेल्या पाहणीत हे संरक्षण सुमारे ८५ टक्के आढळलं होतं. आपल्याकडे देवी काढणं सत्तरच्या दशकाअखेर थांबलं. त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांकडे ते संरक्षण नाही.