धुराड्यांतील मुले आणि वेताचा झाडू

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत धुराडी साफ करणाऱ्या मुलांविषयी लिहावे, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा कायद्यांची सनावळ मी भराभर चाळली. पण १८६३ साली चौकशी-आयोगापुढे नॉटिंगहॅमच्या जॉर्ज रफ या, स्वतः याच धंद्यात मुरलेल्या माणसाने दिलेल्या जबानीपाशी मन अडले, ते पुढे सरेना.

दगडी कोळशाच्या शेगड्यांसाठी इंग्लंडात धुराडी अरुंद व वळणावळणांची बांधली जात. पुष्कळांची पोकळी जेमतेम १४ इंच बाय ९ इंच, आणि काही त्याहूनही चिंचोळी. साचलेली काजळी पेटण्याचे भय असे, आणि प्रौढ माणूस तेथे मावत नसे. म्हणून निराश्रितगृहांतील व दरिद्री घरांतील पोरे उमेदवारीच्या नावाखाली उस्तादाच्या ताब्यात दिली जात. कोपरे व गुडघे भिंतींना रेटीत ती अंधारात वर सरकत. नवख्या मुलाची कातडी टणक व्हावी म्हणून, रफ सांगतो, धगधगत्या विस्तवाशेजारी त्याच्या कोपर-गुडघ्यांवर तीव्र मिठवणी चोळीत, आणि पोर मागे सरले तर छडी घेऊन उभे राहावे लागे किंवा अर्ध्या पेनीचे आमिष दाखवावे लागे. रात्री हीच मुले काजळीच्या पोत्यांवर निजत. ती काजळी शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाई. या धंद्यातील माणसांना वृषणकोशाचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ मध्येच लिहून ठेवले होते.

हे सारे अपरिहार्य असते, तर दुःख तरी निर्दोष ठरले असते. परंतु जॉर्ज स्मार्टने १८०३ च्या सुमारास पोकळ दांड्यांतून दोरी ओवून, टोकाशी छत्रीप्रमाणे उघडणारा झाडू सिद्ध केला. १८२८ मध्ये जोसेफ ग्लासने लवचिक वेताच्या कांड्या एकीला एक जोडून तो वळणांतूनही जाईल अशी तजवीज केली. या साध्या साधनाविषयी मला अपार आदर वाटतो.

मग ते घरोघर का पोहोचले नाही? गृहिणींना गालिच्यावर काजळी पडण्याची धास्ती, घरमालकांना तीव्र वळणांवर लोखंडी झडपा बसविण्याचा खर्च नको, आणि ज्या न्यायाधीशांपुढे फिर्याद जायची त्यांच्याच वाड्यांतली धुराडी पोरांकडून झाडून घेतली जात. १८४० च्या कायद्याने २१ वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढविण्यास मनाई केली. पण अंमलबजावणीचा बंदोबस्त कोणावरच सोपविला नसल्याने, विशेषतः लंडनबाहेर, मनाई कागदावरच राहिली. लॉर्ड शाफ्ट्सबरींनी १८६४ मध्ये आणखी कडक कायदा मंजूर करविला. त्याचीही तीच गत झाली.

फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबर्न येथील मनोरुग्णालयाच्या धुराड्यात ११ वर्षांचा जॉर्ज ब्रूस्टर अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले, पण तो वाचला नाही. त्याचा मालक विल्यम वायर यास सहा महिने सक्तमजुरीची सजा झाली. त्याच वर्षी शाफ्ट्सबरींच्या नव्या कायद्याने प्रत्येक धुराडे-सफाईवाल्यास पोलिसांकडून परवाना घेणे बंधनकारक केले आणि पूर्वीच्या कायद्यांची अंमलबजावणी पोलिसांचे कर्तव्य ठरविली. मुलांना धुराड्यात चढविण्याची चाल त्यानंतर बंद पडली. स्मार्टचा झाडू तेव्हा ७० वर्षांहून जुना झाला होता.