एक जोडणी, दोन जाळी

दवाखान्यात किंवा लहान कार्यालयात इंटरनेटची जोडणी बहुधा एकच असते. मात्र हिशेबाचे संगणक आणि पाहुण्यांचे मोबाइल एकाच जाळ्यात ठेवणे धोक्याचे. म्हणून पहिल्या राउटरला दुसरा राउटर जोडून दोन नेटवर्क केली जातात. एकाचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील, तर दुसऱ्याचे १९२.१६८.२ ने असावेत. सारखे असल्यास राउटरचा गोंधळ उडतो.

हे पत्ते १९९६ च्या 'आरएफसी १९१८' या मानकानुसार खासगी वापरासाठी राखीव असून ते इंटरनेटवर चालत नाहीत. त्यामुळे राउटर बाहेर जाणाऱ्या मागणीवर स्वतःचा पत्ता घालतो, मूळ पत्ता व पोर्ट क्रमांक तक्त्यात नोंदवतो आणि उत्तर आले की ती नोंद पाहून ते योग्य संगणकाकडे धाडतो. नोंद नसलेली मागणी बाहेरून आली, तर ती सहसा अडते.

चूक होते ती क्रमात. पाहुण्यांना हमखास मागचा राउटर दिला जातो. परंतु मागच्या जाळ्यातून पुढच्या जाळ्यातील संगणकांपर्यंत सहज पोहोचता येते. म्हणजे हिशेबाचे संगणक पाहुण्यांपुढे उघडेच! तेव्हा पाहुणे पुढच्या राउटरवर आणि हिशेब मागच्या राउटरवर असावा. प्रिंटर पुढे ठेवल्यास तो दोघांनाही वापरता येतो.