प्रोसेस मेली, मागे काय उरलं?

सर्व्हर सांभाळताना एक तक्रार मला वारंवार ऐकू येते: ‘सर्व्हिस पुन्हा सुरूच होत नाहीये.’ प्रोग्राम तोच, सेटिंग तेच, आणि लॉगमध्ये ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’. अशा वेळी आधीची प्रोसेस मागे काय टाकून गेली, हे मी पहिल्यांदा बघते.

प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम. साधं तिकीट काढतानाही सर्व्हरवर अनेक प्रोसेस एकमेकींशी बोलत असतात. त्यासाठीचा एक जुना मार्ग म्हणजे पाइप. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये तो युनिक्समध्ये आणला. साध्या पाइपला नाव नसतं, त्यामुळे प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिच्याकडची टोकं बंद करतो. लिहिणारं शेवटचं टोक मिटलं की वाचणारीला मजकूर संपल्याचं कळतं. ते टोक दुसऱ्या एखाद्या प्रोसेसकडे उघडं राहिलं, तर मात्र वाचणारी ताटकळत बसते.

नाव असलेल्या गोष्टी आपोआप जात नाहीत. युनिक्स सॉकेटची फाइल तशीच पडून राहते आणि त्याच नावावर नव्या प्रोसेसची वाट अडते. सिस्टिम फाइव्ह या जुन्या पद्धतीची शेअर्ड मेमरी, म्हणजे अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी, तर कुणी काढेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत हलत नाही.

मग प्रोसेसनेच जाताना हे आवरावं का? थांबण्याची सूचना देणारा ‘सिगटर्म’ हा १५ क्रमांकाचा सिग्नल आला तर तिला आवराआवर करता येते. ९ क्रमांकाचा ‘सिगकिल’ तेवढी उसंत देत नाही, आणि मेमरी संपली की लिनक्स स्वतःच तो धाडतं. म्हणून माझा भरवसा बंद होतानाच्या सफाईपेक्षा सुरू होतानाच्या सफाईवर आहे. पण समोर दिसेल ते पुसून टाकणं घातक, कारण जुनी प्रोसेस जिवंतही असू शकते.

पोस्टग्रेस हा डेटाबेस इथे मला आदर्श वाटतो. सुरू होताना तो जुन्या शेअर्ड मेमरीला अजून कुणी जोडलेलं आहे का ते तपासतो. असेल तर सुरू व्हायलाच नकार देतो. दोन वेगवेगळे सर्व्हर एकाच डेटावर लिहू लागले तर डेटा खराब होणारच. २०१३ च्या ९.३ आवृत्तीत त्याची मुख्य मेमरी दुसऱ्या पद्धतीवर गेली, तरी या तपासणीसाठी एक छोटा तुकडा जुन्याच पद्धतीचा ठेवला गेला.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर ‘आयपीसीएस -एम’ चालवून बघा. किती प्रोसेस जोडलेल्या आहेत ते सांगणाऱ्या ‘एनअटॅच’च्या रकान्यात शून्य दिसलं, तरी तो तुकडा कोणत्या प्रोग्रामचा आहे ते आधी शोधा आणि मगच ‘आयपीसीआरएम’ने काढा.