फिरायला निघताना : लहान कुत्रा, मोकाट टोळी आणि घराचे आरोग्य

पनवेलमध्ये सकाळी वडाळे तलावाच्या काठाने किंवा खांदा कॉलनी, नवीन पनवेलच्या अंतर्गत रस्त्यांवरून चालणाऱ्यांकडे पाहिले, तर अनेकांच्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला पॉमेरेनियन, शित्झू, पग किंवा डॅशहुंड दिसतो. निवृत्त दांपत्यांच्या सदनिकेत हा चिमुकला जीव सोबती असतो आणि मधुमेही माणसाला घराबाहेर काढणारा सर्वांत चिकाटीचा सल्लागारही तोच असतो. डॉक्टरांनी दहा वेळा सांगूनही न झालेले चालणे कुत्र्याच्या एका केविलवाण्या नजरेने होते.

याच फिरण्याला गेल्या काही वर्षांत भीतीची किनार आली आहे. मोकाट कुत्री धावून येतात, पाळीव कुत्रा किंचाळतो, त्याला वाचवताना मालक पडतो, हाताला दात लागतात. अशा प्रसंगानंतर दवाखान्यात येणाऱ्या माणसांच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार आढळते : कुत्र्याला काय झाले, हे ते सविस्तर सांगतात, स्वतःच्या बोटावरील ओरखड्याचा उल्लेख मात्र जाता जाता, ‘काही विशेष नाही’ म्हणून करतात. हा लेख कुत्र्याला वाचवण्याविषयी आहेच, परंतु त्या ‘विशेष नसलेल्या’ ओरखड्याविषयीही आहे.

हल्ला का होतो?

रस्त्यावरचा कुत्रा आपल्या हद्दीत जगतो. कचराकुंडी, मासळी-मटणाची दुकाने, खाऊगाड्या, अन्न घालणाऱ्या व्यक्तीचे फाटक, ही त्याच्या उपजीविकेची ठिकाणे. तेथे अनोळखी कुत्रा आला की हुसकावून लावणे, हा त्याचा स्वभावधर्म आहे. आपला कुत्रा पट्ट्याने बांधलेला असल्याने त्याला मागे हटता येत नाही. श्वानांच्या भाषेत ‘मी जातो, वाद नको’ असे सांगण्याची वाटच बंद झालेली असते. त्यात लहान जातीचे कुत्रे भीतीपोटी आधी भुंकतात आणि समोरच्याला ते आव्हान वाटते.

ऋतूचाही संबंध आहे. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांचा समागमाचा काळ प्रामुख्याने पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून सुरू होतो आणि पिल्ले बहुतांशी हिवाळ्यात जन्मतात. पहिल्या काळात नरांच्या झुंडी भांडखोर होतात. दुसऱ्या काळात पिल्लांची आई कोणालाही जवळ फिरकू देत नाही. म्हणून भाद्रपदापासून पौषापर्यंत नेहमीच्या वाटेकडेही नव्या नजरेने पाहावे.

घरातून निघण्यापूर्वी

पट्टा चार ते सहा फूट लांबीचा, साधा व मजबूत असावा. कळ दाबली की लांब होत जाणारा दोरीचा पट्टा लहान कुत्र्यासाठी धोक्याचा : संकटाच्या क्षणी कुत्रा पंधरा फुटांवर असतो आणि बारीक दोरी हाताला कापते. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस घ्यावा. प्रसंगी त्याच्या आधाराने कुत्र्याला वर उचलताही येते. गळपट्ट्याने तसे करणे म्हणजे गळफासच.

पट्टा मनगटाभोवती गुंडाळू नका. ही सूचना मी ज्येष्ठांना विशेष आग्रहाने करतो. अचानक हिसका बसला की गुंडाळलेला पट्टा माणसालाच खाली ओढतो, आणि साठीनंतर असे एक पडणे खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसे असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये वाघ बकरी चहा समूहाचे कार्यकारी संचालक पराग देसाई यांचा अहमदाबादेत मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला. घराजवळ मोकाट कुत्र्यांपासून बचाव करताना ते पडले होते, असे वृत्त होते. अंगावर चाव्याच्या खुणा नव्हत्या, असे रुग्णालयाने सांगितले होते. चाव्याइतकेच पडणेही घातक ठरू शकते, हे ध्यानात ठेवावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर डोक्याला मार लागल्यास, बरे वाटत असले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पायांत घट्ट बसणारे बूट, हातात छत्री किंवा काठी आणि खिशात भ्रमणध्वनी असावा. तो खिशातच असावा, कानाला नव्हे. लहान मुलांना एकट्याने कुत्रा फिरवायला पाठवू नये; संकटात ती पट्टा सोडणार नाहीत आणि कुत्र्यावर झेप घेतील, कारण त्यांचे प्रेम हिशेबी नसते.

वेळही विचारपूर्वक निवडावी. मध्यरात्र आणि अगदी पहाट या निर्मनुष्य वेळा टोळ्यांच्या असतात. उजाडल्यावर, वर्दळ सुरू झाली की बहुतेक कुत्री सुस्तावतात. भरदुपारी मात्र तापलेल्या डांबराने पंजे भाजतात, म्हणून ती वेळ टाळावी. आपल्या भागातील कुत्र्यांची ओळख ठेवावी. ज्याच्या कानाला खाच दिसते, त्याची सहसा नसबंदी झालेली असते. त्यांना अन्न घालणाऱ्या व्यक्तीशी बोलून खाण्याची वेळ व जागा विचारून घ्यावी आणि त्या वेळी दुसरी वाट धरावी. अशा दोन मिनिटांच्या बोलण्याने मिटणारे प्रश्न आपण भांडणाने वाढवतो.

रस्त्यावर गाठ पडली तर

पहिला नियम अंतराचा. वीस-पंचवीस पावलांवर ताठ शेपटीचा, एकटक पाहणारा कुत्रा दिसला की तेथूनच वाट बदला. आपल्या कुत्र्याला स्वतःच्या पलीकडच्या बाजूला घ्या. पळू नका, पळणाऱ्याचा पाठलाग करणे ही श्वानाची उपजत प्रेरणा आहे. डोळ्याला डोळा न भिडवता, पाठ न दाखवता, सावकाश मागे सरा. उभी असलेली मोटार, सोसायटीचे फाटक, दुकानाची पायरी, जे जवळ असेल त्याचा आडोसा घ्या.

कुत्र्याला उचलावे का? हल्लेखोर दूर असेल, तर शांतपणे आणि लवकर उचलून छातीशी धरावे, ओढणी किंवा टॉवेलने झाकावे आणि एका अंगाने वळून निघून जावे. टोळी अंगावर आली असताना त्याला डोक्यावर धरले, की कुत्री उड्या मारू लागतात आणि दात आपल्या दंडाला, चेहऱ्याला लागतात. तेव्हा आडोशाकडे सरकणे आणि मध्ये अडथळा उभा करणे अधिक उपयोगाचे.

असा उत्तम अडथळा म्हणजे छत्री. समोर धरून एकदम उघडली की बहुतेक कुत्री दचकून थबकतात. आपल्या कुत्र्याला तिची सवय घरीच करून घ्यावी, नाहीतर तोच घाबरून पळेल. काठी जमिनीवर आपटणे, खणखणीत आवाजात ‘हाड्!’ म्हणणे, बिस्किटांचे तुकडे दूर भिरकावणे, यांनी काही मोलाचे क्षण मिळतात. काठी मारण्यासाठी नाही. मार बसलेले जनावर अधिक चवताळते, आणि प्राण्याला ठार किंवा अपंग करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार गुन्हा आहे.

झोंबाझोंबी सुरूच झाली, तर दोन तोंडांमध्ये हात घालू नका. मालकांच्या हातांवरील अनेक जखमा अशाच वेळी होतात, आणि वेदनेने भांबावलेला आपलाच कुत्रा आपल्याला चावतो. पाणी फेका, जाड कापड टाका, मध्ये छत्री घाला, मदतीसाठी ओरडा. हल्लेखोराने पकड घेतली असेल, तर आपल्या कुत्र्याला खेचू नका. खेचल्याने जखम फाटत जाते.

कुत्र्याची जखम : वर छिद्र, आत खोल इजा

मोठ्या कुत्र्याने लहान कुत्र्याला तोंडात धरून झटकले, की वरच्या कातडीवर दोन-चार छिद्रेच दिसतात. आत मात्र स्नायू चिरडलेले, बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला किंवा पोटातील अवयवांना इजा झालेली असू शकते. पग व शित्झू यांच्यात डोळा खोबणीतून बाहेर येण्याचीही भीती असते. अशा वेळी डोळ्यावर स्वच्छ ओला कपडा ठेवून तडक निघावे. ‘चालतोय, म्हणजे ठीक आहे’ हे अनुमान चुकीचे आहे. धाप लागणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, पोट फुगणे, मलूलपणा यांची वाट न पाहता त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच, पशुवैद्यकांकडे जावे. माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन श्वानांना विषारी ठरू शकतात.

रेबीजची वार्षिक लस झालेली असली, तरी चाव्यानंतर पशुवैद्यक पुन्हा लस देतात. ती टाळू नये. लसच झालेली नसेल, तर संपूर्ण वेळापत्रक पाळावे लागते. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस आणि पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी, हे घरातील मुलांच्या लसीकरणाइतकेच काटेकोरपणे जपावे.

आणि तुमची जखम?

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की मृत्यू जवळपास अटळ असतो. तरीही वेळेवर उपचार घेतल्यास हा रोग हमखास म्हणावा इतका टाळता येतो. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. विषाणू साधारणतः एक ते तीन महिने, क्वचित वर्षभरही, शरीरात गुप्त राहतो. म्हणून ‘आठ दिवस झाले, काही झाले नाही’ या समाधानाला अर्थ नाही.

पुढील क्रम पाठ करावा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. त्यावर पोव्हिडोन आयोडिनसारखे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. पट्टी घट्ट बांधू नये. टाके घालायचे की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत उपलब्ध करून दिली जाते. धनुर्वाताच्या लसीविषयीही तेव्हाच विचारावे.

धडधाकट कातडीवर नुसते चाटले असेल, तर धुणे पुरेसे आहे. रक्त न आलेला ओरखडा असेल, तर लस घ्यावी लागते. कातडी फाटून रक्त आले असेल, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात वा तोंडात लाळ गेली असेल, तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावे लागते. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला लावते आणि त्याला काही दिवस लागतात. इम्युनोग्लोब्युलिन तयार प्रतिपिंडे जागेवर पोहोचवून त्या दिवसांचे संरक्षण देते. लस स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, तर त्वचेत दिल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी देतात. ती दंडावर, लहान बाळांना मांडीवर घ्यावी. कुल्ल्यावर कधीही नाही. पूर्वी पूर्ण लसीकरण झालेल्यांना ० व ३ या दिवशीच्या दोन मात्रा पुरतात. इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. गर्भवती आणि स्तनदा मातांनाही हे उपचार सुरक्षित आहेत.

येथे तो दुर्लक्षित ओरखडा आठवा. हल्ला झालेल्या कुत्र्याच्या केसांवर हल्लेखोराची ताजी लाळ असते. त्याला कवटाळून घरी आणणाऱ्याच्या हातावर चीर असेल, तर ती लाळ तेथे पोहोचते. म्हणून जखमी कुत्र्याला हातमोजे घालून किंवा टॉवेलात गुंडाळून हाताळावे, नंतर हात साबणाने धुवावेत आणि घरातील प्रत्येकाला विचारावे : ‘तुला कुठे लागले का?’ मुलांना दोनदा विचारावे. रागावतील या भीतीने ती लपवतात. स्वतःचा, लस झालेला कुत्रा झटापटीत चावला, तरी डॉक्टरांना दाखवावे. चावणारा कुत्रा ओळखीचा असेल, तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येते. पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत.

गावाची जबाबदारी, आपली जबाबदारी

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली, ती रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका. मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थांचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात अशी कुत्री नसबंदी व लसीकरण करून त्याच भागात सोडावीत, मात्र रेबीजग्रस्त, संशयित किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, आणि अन्न घालण्यासाठी जागा निश्चित कराव्यात, असे सांगितले. त्यामुळे एखादा कुत्रा वारंवार धावून येत असेल, तर दिवस, वेळ आणि ठिकाण नोंदवून सोसायटीमार्फत लेखी तक्रार करावी. हल्लेखोर कुत्रा पाळीव असेल, तर त्याच्या मालकाचा निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली येतो. हाच नियम आपल्यालाही लागू आहे, याचे भान असावे.

भीतीपोटी फिरणे मात्र सोडू नका. घरात कोंडलेला कुत्रा चिडचिडा होतो आणि त्याच्यासोबत कोंडलेल्या माणसाची साखर वाढते. वाट बदला, वेळ बदला, शेजाऱ्यांसोबत दोघे-तिघे मिळून निघा. या आठवड्यात एवढे करा : कुत्र्याच्या लसीकरण-पुस्तिकेतील शेवटची तारीख पाहा आणि जवळच्या पशुवैद्यकांचा व रुग्णालयाचा क्रमांक घरातील सर्वांच्या भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवा.