वजनकाट्याला न दिसणारा व्यायाम

लठ्ठपणा असलेल्या मुलामुलींना घरी, शाळेत, लग्नकार्यात भेटलेल्या नातेवाइकांकडून एकच सल्ला मिळतो: वजन कमी कर. मग व्यायाम सुरू होतो, दोन-तीन महिन्यांत काटा जागचा हलत नाही आणि सगळे बंद पडते. माझ्या मते इथे व्यायामाची परीक्षाच चुकीच्या मापाने घेतली जाते. अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये १२ ते १८ वर्षांच्या ४५ लठ्ठ मुलग्यांवर झालेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना तीन गटांत विभागले होते. एका गटाने पळण्या-चालण्यासारखा, दम वाढवणारा व्यायाम केला, दुसऱ्याने वजने उचलण्यासारखा ताकदीचा, आणि तिसऱ्याने काहीच नाही. कोणाचेही जेवण कमी केले नव्हते. तीन महिन्यांनी तिसऱ्या गटाचे वजन वाढले होते. व्यायाम करणाऱ्यांची ती वाढ टळली होती. खरा फरक मात्र शरीराच्या आत होता. व्यायामाच्या दोन्ही गटांत पोटातील अवयवांभोवतीची आणि यकृतातली चरबी घटली. ताकदीच्या व्यायामाच्या गटात तर शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद निष्क्रिय गटाच्या तुलनेत २७ टक्क्यांनी सुधारला. ज्या घरात फक्त काटा पाहिला गेला असता, तिथे यातले काहीच कळले नसते.

याचे कारण स्नायूंत आहे. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त स्नायूच शोषतात. एरवी त्यासाठी इन्सुलिन लागते. पण स्नायू आकुंचन पावू लागला की त्याच्या पेशीतील वाहक प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. पौगंडावस्थेत इन्सुलिनचा प्रभाव निरोगी मुलांतही काही काळ मंदावतो. लठ्ठपणामुळे त्यात भर पडते आणि स्वादुपिंडाला जास्त राबावे लागते. आपल्याकडे चिंता अधिकच आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की भारतीय बाळ जन्मताना हडकुळे दिसले तरी त्याच्या अंगात चरबीचा वाटा तुलनेने जास्त आणि स्नायूंचा कमी असतो. २०१६ ते २०१८ दरम्यानच्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे दहा टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली, जास्त वजनाची मुले मात्र पाच टक्क्यांच्या आसपासच. धोका काट्यावरून जोखणे किती अपुरे आहे, हे यावरून दिसते.

मग नुसते बसणेही घातक का? इथे पुरावा सरळ नाही. एका अमेरिकी प्रयोगात तीन तास बसवलेल्या लहान मुलांना दर अर्ध्या तासाला तीन मिनिटे चालायला लावले, तेव्हा त्यांच्या रक्तात इन्सुलिन बरेच कमी चढले. उलट, वीस हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, मध्यम ते दमदार हालचाल किती होते हे लक्षात घेतल्यावर बसण्याच्या वेळेचा वेगळा परिणाम जवळजवळ उरला नाही. दोन्ही एकत्र वाचले तर मला असे वाटते: अभ्यासातून मधूनमधून उठावे, त्याचा तात्पुरता लाभ खरा आहे, पण त्याने घाम गाळण्याची जागा भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना या वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते दमदार हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडांना-स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते, ते उगाच नाही.

यावर आहारतज्ज्ञ म्हणतील की वजन कमी व्हायचे तर ताटातच बदल हवा. ते बरोबरच आहे. गोड पेये आणि पाकीटबंद खाऊ यांवर व्यायामाचा उतारा नाही. पण ताट बदलल्याने स्नायूला कामाची सवय लागत नाही, म्हणून दोन्ही लागतात. पालकांचा आक्षेप वेळेचा असतो. दहावी-बारावी, क्लास, अभ्यासिका यांत तास कुठून काढायचा? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे ओझे एकट्या मुलावर टाकणे अन्यायाचे आहे. शाळेत पीटीचा तास गणिताला दिला जातो तेव्हा मुलांच्या हक्काची हालचाल काढून घेतली जाते. वयात आलेल्या मुलींना तर मैदानच परके होते. लठ्ठ मुलाला पळण्याच्या शर्यतीत शेवटी ठेवून हसे करण्यापेक्षा वजने उचलण्यासारखा व्यायाम द्यावा. ताकदीत तो अनेकदा वर्गाच्या पुढे असतो, आणि जिथे जमते तिथे मूल टिकते.

व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि यकृताची तपासणी करून घ्यावी आणि काही महिन्यांनी तीच पुन्हा करावी. जिना चढताना लागणारी धाप, सलग मारता येणाऱ्या बैठका यांचीही नोंद ठेवता येते. वजन त्या वहीत असू द्यावे, पण शेवटच्या रकान्यात.